चार पॉइंट आठवाले तात्या

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्याडम, तुमचं मशीन किती तापतं?"

मला वाटलं, वॉशिंग मशीनबद्दल विचारताहेत. म्हटलं, माझ्याकडे मशीन नाही, कपडे हातानंच धुते. यावर ते चांगलेच हिरमुसले.

"आवो मग काम कशावर करता? फोनवर म्हनाला नव्हता का, घरांची चित्रं काढते म्हनून?"

मी तेव्हा नुकतीच पुण्यातली नोकरी सोडून नगरला आले होते. आर्किटेक्टनं कागदावर काढलेलं घर बांधून झाल्यावर कसं दिसेल, ते कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करून दाखवायचं, त्यातून फिरल्यासारखी छोटी फिल्म करून द्यायची, हे माझं काम. नोकरीत होते तेव्हा ऑफिसची मशीनं होती. आता स्वतःचं एकच होतं, आणि ते काम सुरू केलं की नव्वद डिग्रीच्या वर जायचं. मी तसं सांगितलं.

"नव्वद?" ते खुर्चीत बसले. "आन् तुमाला झोप लागती?"

मग आतून त्यांची बायको आली. भाडं, पाण्याची वेळ, वरच्या जिन्याला कुलूप लावायचं की नाही, हे सगळं तिनं ठरवलं. तोवर घरमालक माझ्या मशीनचा पंखा कोणत्या बाजूला आहे याचा विचार करत असावेत, कारण मी निघताना ते म्हणाले, "वरच्या खोलीत ते उत्तरंच्या खिडकीपाशी ठिवा. पश्चिमंला ठिवलं तर दुपारी रडंल."

सगळी कॉलनी त्यांना तात्या म्हणायची आणि त्यांच्या बायकोला आक्का. मीही तेच म्हणू लागले.

तात्यांचं सगळं आयुष्य एका साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेलं होतं. आठवी शिकलेला माणूस, पण बॉयलर चालवायची सरकारी परीक्षा इंग्रजी डिक्शनरी शेजारी ठेवून पास झालेला. निवृत्तीनंतर नगरच्या सावेडी भागात हे दुमजली घर बांधलं. पुण्याला असलेल्या मुलीनं व्हिडिओ कॉलवर बोलता यावं म्हणून त्यांना एक चांगला कॉम्प्युटर घेऊन दिला. दोन दिवस ते तिच्याशी बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो उघडला.

"आत बगितलं," तात्या मला सांगत, "तर बॉयलरच! हितं जाळ, हितं पंखा, हितनं गरम हवा भाईर. फक्त वाफंच्या जागी आकडं निगत्यात."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. कंपनी त्याला एक ठरावीक वेग देते. हौशी लोक सेटिंग बदलून तो वेग वाढवतात, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की वीज जास्त लागते, वीज जास्त घेतली की तो तापतो, आणि फार तापला की स्वतःच घाबरून वेग कमी करतो किंवा सरळ बंद पडतो. जगभरची विशीतली मुलं गेम खेळण्यासाठी हा उद्योग करतात. तात्या सदुसष्ट वर्षांचे होते आणि गेम खेळत नव्हते. त्यांनी आपला प्रोसेसर चार पॉइंट दोन गिगाहर्ट्झवरून चार पॉइंट आठवर नेला होता, आणि त्यावर ते पत्ते लावत. एकट्यानं लावायचे असतात ना, ते. अख्ख्या सावेडीत इतक्या वेगानं पत्ते कोणी लावत नसेल.

"एवढं पळवून जायचं कुटं हाय?" आक्का विचारायची.

"जायचं न्हाई कुटं. पळतंय का ते बगायचं."

त्यांच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली बुद्धमूर्ती, आणि दोन खिडक्यांच्या मधे, घरातल्या सगळ्यात हवेशीर जागी, कॉम्प्युटर. सोफा तिथं होता, तो उचलून आतल्या खोलीत गेला होता. पाहुणे आले की पलंगावर बसत आणि कॉम्प्युटरचा वारा अडणार नाही असे बसत, कारण बसण्याआधीच तात्या हातानं जागा दाखवत. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात. तात्यांच्या खिशात एक स्क्रू ड्रायव्हर आणि रंगकामाचा छोटा ब्रश असे. ब्रश धूळ झटकायला.

माणसांचा मूडही ते डिग्रीतच सांगत. "दूधवाला आज पंच्याऐंशीवर हाय, जपून बोला." "आक्का सकाळपासनं बेचाळीस. चहा मागायचा तर आत्ता माग."

माझ्या मशीनची आणि त्यांची भेट मी राहायला आल्यावर चौथ्या दिवशी झाली. मीही एक व्हिडिओ बघून वेग वाढवून ठेवला होता. त्या व्हिडिओतल्या मुलानं सांगितलं होतं की व्होल्टेज एकदाच भरपूर देऊन टाका आणि वीज वाचवायची जी जी सोय दिसेल ती बंद करा. मी बंद केली होती. मशीन चालायचं, पण पंखा असा घोंघावायचा की फोनवर बोलताना मी कुठल्या गिरणीत आहे असं समोरच्याला वाटावं.

सकाळी दहाला दार वाजलं. तात्या दारात, आत न येता, कान देऊन उभे.

"काय काम चाललंय आत्ता?"

"काही नाही. मी चहा पितेय."

"तुमी चहा पिताय, मग ते कशापायी पळतंय?" त्यांनी चपला काढल्या. "आवो, त्याच्याबी हातात कप द्या की!"

ते आत आले, मशीनच्या माथ्यावर तळहात ठेवला, आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावल्यावर माणूस जसा बघतो तसं माझ्याकडे बघितलं. मग वेग, व्होल्टेज वगैरेला हात न लावता त्यांनी आधी झाकण उघडलं. सायकलचा पंप खाली जाऊन घेऊन आले. गच्चीत नेऊन पंपानं आणि ब्रशनं जी धूळ काढली, ती बघून मला लाजच वाटली.

"दाब वाढवायच्या आदी नळ्या साफ," ते म्हणाले. "कारखान्यात एक साहेब आल्ता नवीन. म्हनला, वाफ वाढवा. मी म्हनलं, वाढवतो, पन आदी नळ्या साफ करायला दोन दिवस द्या. त्यो म्हनला, दोन दिवस न्हाईत. मी म्हनलं, मग वाफ बी न्हाई." ते ब्रश झटकत थांबले. "दिले मग त्यानं दोन दिवस. मानूस चांगला हुता, फक्त घाईत हुता."

प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये एक मलम लावलेलं असतं. माझं वाळून खडू झालं होतं. त्यांनी ते पुसलं आणि तांदळाच्या दाण्याएवढं नवं लावलं. मी म्हटलं, थोडं जास्त लावा ना. तर म्हणाले, "भाकरीवर लोनी लावतोय का आपन?"

मग खरं काम सुरू झालं, आणि ते तीन दिवस चाललं. मी टाकलेलं एकदम मोठं व्होल्टेज त्यांनी काढून टाकलं. वीज वाचवायच्या सगळ्या सोयी परत चालू केल्या. "पळायचं तवा पळंल, बसायचं तवा बसंल. कायम पळनारं मशीन आन् कायम भांडनारा मानूस, दोन्ही लवकर जात्यात." वेग एक पायरी वाढवायचा, व्होल्टेज शक्य तितकं कमी ठेवायचं, मग तासभर मशीनला जड गणितं घालायची आणि बघत बसायचं. टिकलं तर व्होल्टेज आणखी थोडं कमी. पडलं, म्हणजे स्क्रीन निळा झाला, तर मी 'गेलं!' म्हणून ओरडायचे. तात्या मात्र टाळी वाजवायचे.

"घावली!"

"काय घावली?"

"हद्द. आता कळलं, कुटवर हाय ते. पडल्याबिगर कळत न्हाई. हितनं दोन पावलं मागं यायचं आन् तिथं घर करायचं."

मी एकदा म्हटलं, तात्या, हे सगळं आपोआप ठरवायचीही सोय असते, 'ऑटो' म्हणून. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. पण उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून दिलंच. "ऑटो म्हंजे काय? कुनीतरी लांब बसून दिलेलं मत. त्यानं तुजं मशीन बगितलंय का? तुजी खोली बगितलीये? नगरचा मे महिना बगितलाय?"

त्या तीन दिवसांत मी 'म्याडम'ची 'पोरी' झाले होते. आणि माझं मशीन आधीपेक्षा जास्त वेगानं, सत्तर डिग्रीवर आणि इतक्या शांतपणे चालू लागलं होतं की ते चालू आहे का हे बघायला मला दिवा बघावा लागे.

चाचणी चालू असताना घरात मिक्सर लावायला बंदी होती. मिक्सर सुरू झाला की दिवे किंचित मंदावतात, आणि तेवढ्यानं निकाल बिघडतो असं तात्यांचं म्हणणं. आक्कानं कधी वाद घातला नाही. ती फक्त खलबत्ता घ्यायची, दिवाणखान्यात तात्यांच्या बरोबर मागे बसायची आणि ठेचा कुटायची. सगळी भिंत हादरेपर्यंत.

कारखान्यात दर तासाला बॉयलरची नोंद वहीत करायची पद्धत असते आणि पाळी संपली की पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा असतो. तात्यांनी दोन्ही घरात चालू ठेवलं होतं. भाजी आणायला निघाले की ते दारात उभे राहून म्हणत, "आक्का, चार्ज घे. चौसष्ट डिग्री, पंखा निम्म्यावर, बाकी ठीक." आक्का पदराला हात पुसत म्हणायची, "घेतला."

ती वही एकदा मी वाचली. तात्यांच्या नोंदी सरळ होत्या: वेळ, डिग्री, वॅट, सही. मधेमधे आक्काचं गोल अक्षर होतं. 'अकरा वाजता. तापमान त्रेसष्ट. आवाज नाही. मांजर आलं होतं, घालवलं.' आणि खाली, 'बारा वाजता. तापमान त्रेसष्ट. भूक लागली. हे अजून आले नाहीत.' त्याखाली तात्यांची सही होती. पाहिलं, मान्य.

आता जे सांगणार आहे, ते तात्यांच्या गावचं आहे.

मिरजगावपासून थोडं आत त्यांचं गाव. तिथं त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून एक मोकळी जागा होती. तिथं काय बांधायचं, यावरून दोन वर्षं बोलणी चालली होती. तात्यांचं म्हणणं, अभ्यासिका बांधा. मुलींना घरात अभ्यासाला कोपरा मिळत नाही, एक शांत खोली हवी. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं, त्यांचं म्हणणं, कमान बांधा. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसली पाहिजे. वस्ती दादांना मानायची. भांडण नव्हतं. दर वेळी दोघे भाऊ एका ताटात जेवत आणि जेवताना एकमेकांना पटवत, आणि कोणालाच काही पटत नसे.

गावच्या एका मुलानं, जो इंजिनिअर झाला होता, अभ्यासिकेचा नकाशा काढून दिला होता. तात्यांनी तो बैठकीत सगळ्यांसमोर पसरला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! निळ्या रेघा. दादा म्हनला, ह्यात मला तर काय खोली दिसंना. बाया म्हनल्या, आमाला बी दिसंना. खरं सांगू का, मला बी नीट दिसली न्हाई." मग म्हणाले, "पोरी, तू लोकांची बंगलं दाखवती. आमची एक खोली दाखव की."

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, शेवटची बैठक होती. तिथं जे ठरेल ते ठरेल. दादांनी तसं सांगितलंच होतं.

मी कामाला लागले. तात्या रोज सकाळी वर येऊन शेजारी बसत. मी खोली उभी करत होते आणि ते तिच्यात माणसं भरत होते. "हितं चपला. आमच्याकडं चपला लई असत्यात, जागा मोठी धर." "खिडकी खाली घे, बसून भाईर दिसलं पायजे." "ती लिंबाची सावली कुटाय? विहारापुढं लिंब हाय, त्यो दिसला न्हाई तर बाया म्हनत्याल हे दुसरंच गाव." मी कडुलिंब लावला. शुक्रवारी संध्याकाळी सगळं झालं असं वाटत असताना ते म्हणाले, "पायऱ्या चार हायेत. आमची सुमनमावशी काठी घिऊन चालती. ती कशी चढंल?"

पायऱ्यांशेजारी उतार करण्यात माझी शुक्रवारची रात्र गेली. त्यामुळे बाहेरून आत जाणारा सगळा भाग पुन्हा तयार करावा लागणार होता. म्हणजे मशीननं एकेक चित्र रंगवत जायचं, अशी हजारभर चित्रं, आणि ती जोडून फिल्म. माझ्या हिशेबानं पूर्ण वेगात सहा तासांचं काम. शनिवारी सकाळी नऊला लावलं की तीनला तयार. सोपं होतं.

शनिवारी सकाळी आठला फोनवर मेसेज आला. देखभाल दुरुस्तीसाठी नऊ ते सहा वीज बंद. सगळ्या सावेडीत.

मी खाली धावले. तात्या ब्रशनं दात घासत होते. मी मेसेज वाचून दाखवला.

"इन्व्हर्टर हाय," ते म्हणाले.

"तात्या, एक बॅटरी आहे. सहा तास पुरेल का?"

त्यांनी तोंड धुतलं, वही काढली, बसले. पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या. माझं मशीन पूर्ण वेगात दोनशे वॅट घेत होतं, हे त्यांनी कधीच मोजून ठेवलं होतं. "पाच तासांत बॅटरी खलास. काम सहा तासांचं." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मदीच बंद पडंल."

मी म्हटलं, मशीन रिक्षात घालून शहरात कोणाकडे तरी नेऊ. पण माझी नगरमध्ये ओळख कुठे होती! त्यांचे दोन मित्र होते, दोघेही सावेडीतच. मी म्हटलं, सहाला वीज आली की रात्री लावू, तर म्हणाले, "मागल्या बारीला सहा म्हनले आन् रात्री दोनला आली." मी म्हटलं, मग साधे फोटो दाखवू, चार-पाच चांगले.

"फोटो बगून दादा म्हनंल, चित्र हाय. चांगलं काडलंय. आन् उठंल." ते उभे राहिले. "चल वर."

वर आल्यावर त्यांनी सेटिंगचं पान उघडलं आणि तो वेग, तीन दिवस बसून, दहा वेळा पाडून, दोन-दोन पावलं मागं येऊन मिळवलेला वेग, एकेक पायरी खाली आणू लागले. चार पॉइंट सात. चार पॉइंट चार. मी म्हटलं, "तात्या, हळू केलं तर आणखी वेळ लागेल. बॅटरी आणखी लवकर जाईल!"

"न्हाई जायची. ऐक. वरच्या चार पायऱ्या लई खात्यात. तेवढ्यापायी व्होल्टेज वाढवावं लागतं, आन् व्होल्टेज वाढलं की खानं दुप्पट. खालनं वर येताना मी हर एक पायरीचं लिहून ठिवलंय." त्यांनी वही माझ्यासमोर धरली. ते पान मी पूर्वी पाहिलं होतं आणि म्हातारपणाचा छंद म्हणून सोडून दिलं होतं. प्रत्येक वेगाला किमान किती व्होल्टेज पुरतं, किती वॅट लागतात, किती तापतं, सगळं होतं त्यात. "ह्ये बग. तीन पॉइंट आठ. वेग फक्त पाचवा हिस्सा कमी. आन् वॅट? एकशेदहा. निम्म्याला आलं!"

पाचवा हिस्सा वेग सोडून निम्मी वीज वाचत होती. सहा तासांचं काम साडेसात तासांवर जात होतं, पण बॅटरी नऊ तास पुरणार होती.

"तुमचं चार पॉइंट आठ..." मी म्हटलं.

"त्ये पत्ते खेळायला," तात्या म्हणाले आणि एंटर दाबलं.

बरोबर नऊला वीज गेली. इन्व्हर्टरनं 'टिक' केलं. तात्या खाली गेले आणि घरातलं इन्व्हर्टरवरचं सगळं बंद करू लागले. दिवाणखान्याचा पंखा. आतला पंखा. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर तर त्यांनी वायरसकट काढून ठेवला. मे महिना, बाहेर एक्केचाळीस डिग्री. आक्का म्हणाली, "आन् आपन?"

"आपल्याला हात हायेत," तात्या म्हणाले, आणि एक पुठ्ठा तिच्या हातात दिला.

त्या दिवशी आम्ही तिघंही माझ्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी बसलो. मशीन काम करत होतं, स्क्रीन बंद होता. तासाला एकदा मिनिटभर चालू करायचा, किती चित्रं झाली ते बघायचं, डिग्री लिहायची, परत बंद. अकरापर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. बाराला डिग्री चढू लागली. खोलीच तापली होती. आक्का उठली, मशीनचं झाकण काढलं आणि पुठ्ठ्यानं आत वारा घालू लागली.

"आगं तसं न्हाई!" तात्या ओरडले. "झाकन लाव! हवा म्होरनं आत येऊन मागनं जायाला पायजे. तू मदीच वारा घालती, ती भरकटंल."

"माज्याच हातचा वारा भरकटतो व्हय?" आक्का म्हणाली. पण तिनं झाकण लावलं आणि मशीनच्या पुढं जमिनीवर बसून सरळ वारा घालू लागली. दहा मिनिटांनी डिग्री दोननं उतरली. तात्यांनी वहीत लिहिलं. मी डोकावले. 'सव्वा बारा. अडुसष्ट. आक्काचा पंखा चालू.'

मग आम्ही पाळ्या लावल्या. पाळी बदलताना तात्या आम्हा दोघींकडून रीतसर चार्ज घेत आणि देत. जेवण तिथंच झालं. भाकरी, वांग्याचं भरीत आणि सकाळीच कुटून ठेवलेला ठेचा. घामानं तिघांचे चेहरे चमकत होते आणि का कोण जाणे, आम्ही सारखे हसत होतो. आक्का त्यांच्या लग्नातली गोष्ट सांगत होती. वरात दारात आल्यावर नवरामुलगा बँडवाल्याचा जनरेटर बघायला मागे राहिला होता, आणि शेवटी दादांनी त्याला दंडाला धरून मंडपात आणला होता.

साडेतीनला इन्व्हर्टर एकदा 'पीं' करून वाजला. आम्ही तिघंही उभे राहिलो. तात्या खाली गेले, बॅटरीला हात लावून आले. "दम हाय अजून," म्हणाले, पण बसले नाहीत. मी पहिल्यांदाच त्यांना असं बघितलं. ते मशीनसमोर उभे राहून हळूच म्हणत होते, "व्हईल. व्हईल. घाई न्हाई."

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी स्क्रीन चालू केला. शेवटचं चित्र झालं होतं. मी फिल्म लावली. रस्ता, लिंब, चार पायऱ्या, शेजारी उतार, दार, आणि आत उन्हाचा चौकोन पडलेली खोली. दोन मिनिटं वीस सेकंद. आक्का पुठ्ठा हातात तसाच धरून बघत होती. "चपला ठिवायला जागा भरपूर हाय," एवढंच ती म्हणाली. तात्यांनी वहीत लिहिलं, काम पूर्ण. मग ती वही माझ्यापुढे केली. "कर सही. तुजी पाळी हुती."

रविवारी आम्ही तिघं गावाला गेलो. विहारात खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, पांढरी चादर ताणली, आणि कुणीतरी शाळेतून आणलेल्या प्रोजेक्टरवर फिल्म लावली. पंचेचाळीस-पन्नास माणसं असतील. दादा पुढे खुर्चीवर बसले होते. तात्यांसारखाच चेहरा, पण खांदे दुप्पट, आणि हात दगडासारखे. आयुष्यभर त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती.

फिल्म सुरू झाली. लिंब दिसल्याबरोबर बायकांत हशा झाला. "आगं, आपलाच लिंब!" उताराशी सुमनमावशीनं काठी आपटली आणि मोठ्यानं म्हणाली, "ह्यो माजा." मग दार उघडलं आणि सगळे खोलीत गेले. म्हणजे चादरीवरच, पण सगळे गेले, मला दिसलं. माणसं मान वळवून चादरीच्या बाहेरचा कोपरा बघायचा प्रयत्न करत होती.

फिल्म संपली. सगळे दादांकडे बघत होते.

"परत लाव," दादा म्हणाले.

परत लावली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांनी मधेच हात वर केला. मी थांबवलं. खिडकीपाशी फिल्म थांबली.

"हितं एक खुर्ची जास्तीची ठिव," दादा म्हणाले.

"कुनासाठी, दादा?" तात्यांनी विचारलं.

"माज्यासाठी. मला वाचता येत न्हाई, पन बसता येतंय की. पोरी अभ्यास करताना बगत बसंन." मग ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "कमान ऱ्हाऊ द्या. कमानीत काय बसायला येतंय व्हय?"

तात्या उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले असतील. थोड्या वेळानं मीही गेले. ते लिंबाखाली उभे राहून आक्काला सांगत होते, "शाळंची फी त्यानंच भरली माजी. खडी फोडून. आठवीपर्यंत. म्होरं मीच गेलो न्हाई, मला कारखान्यात जायची घाई." आक्का म्हणाली, "ठावं हाय मला. पन्नास येळा सांगितलंय." तरी ती ऐकत होती.

अभ्यासिका झाली. मी आता दुसरीकडे राहते, माझं ऑफिस झालंय, तिथं चार मशीनं आहेत आणि चारही तात्यांनी जमवून दिलेली आहेत. मागच्या महिन्यात कामानिमित्त त्या बाजूला गेले होते म्हणून मुद्दाम गावात शिरले. खोली भरलेली होती, दहा-बारा मुली पुस्तकांत डोकं घालून. खिडकीपाशीची जास्तीची खुर्ची मात्र रिकामी.

दोघे भाऊ बाहेर पायरीवर बसले होते. तात्या पेपर वाचून दाखवत होते आणि दादा प्रत्येक बातमीला जोरात आपलं मत देत होते.

"आत का नाही बसलात?" मी विचारलं.

"बसलो हुतो," दादा म्हणाले. "ह्यो वाचत हुता, मी ऐकत हुतो. तर त्या शेवटच्या बाकावरची, माजीच नात, उठली आन् म्हनली, आजोबा, हितं आवाज करायचा न्हाई. भाईर जावा."

"मग?"

"मग काय," तात्या पेपर झटकत म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. "हाकललं आमाला."